पाळीच्या कळांवर व्यायाम: दुखत नसतानाच्या दिवसांत घ्यायचं औषध

कराडच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्स, नीटची तयारी चालू. दर महिन्याला पाळीचा पहिला अख्खा दिवस आणि दुसरा अर्धा ती अंथरुणातून उठत नाही, उलट्या होतात, पातळ संडास होते, एकदा तर क्लासच्या जिन्यातच चक्कर येऊन बसली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, गोळी लिहून दिली. गोळीने बरं वाटतं पण दर महिन्याला गोळी म्हणजे पुढे मूलबाळ व्हायला अडचण तर येणार नाही ना ही ताईंना धास्ती. मुलीने मोबाईलवर बघितलं की व्यायामाने पाळी दुखायची थांबते. आणि घरात आजी म्हणतात त्या दिवसांत उड्याबिड्या मारल्या की पिशवी खाली सरकते, मुलीच्या जातीने गप पडून राहावं. तर खरं काय, आणि व्यायाम करायचा तर कुठला?

ताई, मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, एकोणीस वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा बहुतेक करून बायकांच्याच तक्रारींवर काम करतेय, बाळंतपणानंतरची कंबर, लघवी न थांबणं, आणि पाळीचं दुखणं. त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देणार आहे, निवांत वाचा, आणि लेकीलाही वाचायला द्या कारण करायचं शेवटी तिलाच आहे.

पहिली गोष्ट, व्यायामाचा उपयोग होतो. पण बहुतेक जणी तो चुकीच्या दिवशी करायला जातात. पाळी आली, कळा सुरू झाल्या, मग व्हिडिओ लावून सतरंजी अंथरली, दोन आसनं केली, काही फरक पडला नाही, मग "आम्ही करून बघितलं, काही होत नाही". अहो कसं होईल? व्यायाम म्हणजे पेनकिलर नाही की घेतला आणि अर्ध्या तासात कळ गेली. महिन्याचे जे पंचवीस सव्वीस दिवस दुखत नसतं ना, त्या दिवसांत घ्यायचं औषध आहे ते, आणि त्याचा गुण दिसायला दोन ते तीन पाळ्या जाव्या लागतात. हे एवढं एक लक्षात राहिलं तरी माझं निम्मं उत्तर झालं.

आता दुखतं का ते समजून घ्या, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन कमी होतं, गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं आणि त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बाहेर पडतं. त्याचं काम म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावणं, म्हणजे अस्तर बाहेर पडेल. हे सगळ्याच बायकांमध्ये होतं, पण काहींच्यात हे रसायन जास्त तयार होतं, मग पिशवी नुसती आवळत नाही तर ओला कपडा पिळल्यासारखी पिळवटते, तिच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि रक्त कमी पडलं की स्नायू बोंबलतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा कसा जीव जातो? तसाच गोळा, फक्त तो ओटीपोटात आणि दर दोन चार मिनिटांनी परत परत. कळ मांडीत उतरते, कंबर धरते. तेच रसायन आतड्यावर पण काम करतं म्हणून पातळ संडास, मळमळ, उलटी. तुमच्या लेकीला होतंय ते सगळं ह्या एकाच गोष्टीतून आलंय, ती नाटक करत नाही आणि अभ्यास चुकवायचा म्हणूनही झोपून राहत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या पाच-सहा मुली रडतात त्या दुखण्यामुळे नाही, घरच्यांना खरं वाटत नाही म्हणून रडतात.

अजून एक. बऱ्याच आया म्हणतात, पहिलं वर्षभर तर काहीच दुखत नव्हतं, मग आत्ताच काय झालं? सुरुवातीच्या काही महिन्यांत बीज सुटत नसतं, पाळी नुसतीच येते. बीज नियमित सुटायला लागलं की प्रोजेस्टेरॉनची ही चढउतार सुरू होते आणि मग दुखायला लागतं. म्हणून पाळी आल्यावर सहा महिने वर्षभराने दुखणं चालू होणं हे नेहमीचं चित्र आहे. ह्या प्रकारात कळा अंगावरून जायला लागायच्या काही तास आधी किंवा बरोबरच सुरू होतात, पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि दोन, फार तर तीन दिवसांत ओसरतात. तुमच्या वर्णनावरून तिचं असंच दिसतंय, आणि डॉक्टरांनी पण बघितलंय, म्हणून मी पुढे व्यायामाचं बोलतेय. ज्यांचं असं नाही त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय, ते सोडू नका.

गोळीचं आधी संपवते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाळीच्या दोन दिवसांत घेतलेल्या वेदनाशामक गोळीने मूल होण्याची ताकद जात नाही. ह्या गोळ्या ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, म्हणून कळ अगदी असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काहीतरी खाऊन, घेतली तर जास्त लागू पडते. मुली काय करतात, दात आवळून दुपारपर्यंत सहन करतात, उलट्या सुरू झाल्या की गोळी घेतात, ती उलटीतून पडते, आणि मग म्हणतात गोळी चालत नाही. हां, पण मेडिकलमधून मनाने आणून दर वेळी चार चार घ्यायच्या नाहीत. अॅसिडिटी, अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. आपल्याकडे पाळीसाठी सर्रास घेतली जाते ती मेफेनॅमिक अॅसिडची गोळी, तिच्याबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सावधगिरीची सूचना काढली होती की क्वचित कुणाला तिची गंभीर अॅलर्जिक रिअॅक्शन येऊ शकते. घाबरायचं कारण नाही, पण अंगावर पुरळ, ताप, तोंड सुजणं असं काही झालं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. व्यायाम चालू केला म्हणून गोळी सोडायची असंही नाही. दोन्ही चालतात बरोबर, पुढे पुढे गोळी आपोआप कमी लागते.

आता व्यायाम खरंच काम करतो याला आधार काय. माझा अनुभव आहेच, पण नुसत्या अनुभवावर जाऊ नका. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी २०१९ मध्ये ह्याच विषयावर १२ अभ्यास बघितले, साडेआठशेच्या आसपास बायका-मुली होत्या. निष्कर्ष असा की आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला तर दुखणं शंभराच्या मापात साधारण २५ ने खाली येऊ शकतं. म्हणजे समजा तिचं दहापैकी आठ असेल तर साडेपाचच्या आसपास. हे कमी नाही हो, आठला माणूस जिन्यात बसतो, साडेपाचला पेपर लिहितो. तेही जोरात पळा किंवा हळू योग करा, दोन्हींत फायदा दिसला. पण खरं ते सांगते, हे अभ्यास फार भक्कम दर्जाचे नव्हते हे त्यांनीच लिहिलंय, आणि गोळीपेक्षा व्यायाम सरस आहे असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. तरी मी हा सल्ला डोळे झाकून देते कारण ह्याचा तोटा काही नाही आणि झोप, अभ्यास, हाडं, मूड सगळ्यालाच त्याचा उपयोग होतो.

कसा काम करतो? ओटीपोटाकडे रक्तपुरवठा सुधारतो, शरीर स्वतःचं वेदनाशामक म्हणजे एंडॉर्फिन सोडतं, ताण कमी होतो, सूज वाढवणारी रसायनं कमी होतात. आणि एक गोष्ट मी रोज टेबलावर बघते, ती म्हणजे मुलींचं आवळून धरणं.

हे जरा नीट सांगते. मागे एक मुलगी आली होती, तुमच्या लेकीच्याच वयाची, सांगितलं पाठीवर झोप, गुडघे वाकव. झोपली. पाळी चालू नव्हती, काही दुखत नव्हतं. तरी पायाची बोटं आत वळलेली, जबडा घट्ट, पोट आत ओढलेलं. मी तिच्या पोटावर अर्धा किलो तूरडाळीचं पाकीट ठेवलं आणि म्हटलं श्वास घे, पाकीट वर यायला पाहिजे. पाकीट ढिम्म हललं नाही, खांदे वर गेले. तीन वर्षं दर महिन्याला दुखतंय म्हणून शरीराने सवयच लावून घेतली होती सगळं कडक धरून ठेवायची, कंबर, पोट, मांडीच्या आतली बाजू, खालचे ओटीचे स्नायू, सगळं. आता आत पिशवीला गोळा येतोय आणि बाहेरून सगळे स्नायू तिला अजून दाबतायत, दुखणार नाही तर काय. तिला पहिले दहा दिवस मी दुसरा काहीच व्यायाम दिला नाही, फक्त ते डाळीचं पाकीट, रात्री झोपताना पाच मिनिटं, नाकाने श्वास घेताना पाकीट हळू वर, सोडताना श्वास लांबवत पाकीट खाली. सहाव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला की पाकीट हलायला लागलं. मला इतका आनंद झाला होता! तुम्ही पण तिथूनच सुरू करा, खर्च शून्य.

मग बाकीचं. तिच्यासारख्या दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून तासाभराचा व्यायाम सांगितला तर ती चौथ्या दिवशी सोडणार हे मला पाठ आहे. म्हणून पहिले दोन आठवडे रोज फक्त वीस मिनिटं भरभर चालणं. भरभर म्हणजे किती? बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं. तुम्ही कराडच्या, प्रीतिसंगमावर सकाळी जा दोघी, नाहीतर गच्चीवर फेऱ्या मारा, मैदानच पाहिजे असं काही नाही. आमच्या इथे मुलींना मी चार भिंतीच्या चढाला पाठवते, आणि ज्यांना जमतं त्या अजिंक्यताऱ्यावर जातात. तिसऱ्या आठवड्यापासून वेळ वाढवत तीस, चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. चालण्याचा कंटाळा आला तर सायकल, दोरीवरच्या उड्या, पोहणं, झुंबा, काहीही चालेल. मंगळागौरीचे खेळ सुद्धा. खरंच सांगते, श्रावणात आमच्या गल्लीतल्या मुली झिम्मा-फुगड्यांची प्रॅक्टिस करतात ना महिनाभर, त्यातल्या दोघींनी मला आपणहून सांगितलंय की त्या वेळची पाळी हलकी गेली. शास्त्रीय पुरावा म्हणून नाही सांगत, पण फुगडी घालून बघा कसा दम लागतो ते.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस पंधरा वीस मिनिटं हे: पाठीवर झोपून कंबर उचलायची, सेतुबंधासन म्हणतात ते, दहा दहाचे दोन सेट. खुर्चीवरून उठबस, हात न टेकता, तेवढंच. गुडघ्या-हातांवर येऊन पाठ मांजरीसारखी वर गोल आणि खाली, मार्जारासन, श्वासाबरोबर, दहा वेळा. मग पालथं झोपून भुजंगासन, नाभी जमिनीलाच ठेवून, जिथे कंबर दुखत नाही तिथपर्यंतच वर. भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन ह्या तीनच आसनांवर इराणमध्ये मुलींचा अभ्यास झाला होता, २०११ मध्ये छापून आला, त्यात दुखणं कमी झालेलं दिसलं. शेवटी टाचांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला, शशांकासन, आणि तळपाय जुळवून फुलपाखरू, म्हणजे मांडीची आतली बाजू सैल होते. फुलपाखरू करताना गुडघे हाताने दाबायचे नाहीत, पायांच्या वजनाने जेवढे जातात तेवढे जाऊ द्यायचे.

आम्हाला कॉलेजात ह्या दुखण्यासाठी एक जुना व्यायाम शिकवायचे, बिलिग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४३ मध्ये मांडलेला. भिंतीला बाजू करून उभं राहायचं, पाय जुळवून, भिंतीकडचा हात कोपरात वाकवून खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवायचा, दुसरा हात कमरेच्या बाजूला, आता पोट आणि नितंब आवळून कंबर हळूच भिंतीकडे ढकलायची, कुशीला ताण जाणवेपर्यंत. दोन्ही बाजूंनी तीन तीन वेळा, दिवसातून तीनदा. बिलिगचं म्हणणं होतं की उभं राहण्याच्या चुकीच्या ढबीमुळे कमरेच्या पुढचे तंतुमय पट्टे आखडतात आणि नसा दाबल्या जातात म्हणून दुखतं. ते कारण आज कोणी धरत नाही, पाळीच्या दुखण्यामागे प्रोस्टाग्लँडिन असतं हे नंतर कळलं. पण ताण चांगला बसतो, उभ्या उभ्या होतो, सतरंजी लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, म्हणून अभ्यासातून उठणाऱ्या मुलींना मी अजूनही देते आणि त्यांना तो आवडतो. ती दहा दहा तास खुर्चीत बसत असेल तर दर पाऊण तासाला उठून हा एक करायचा, पाणी प्यायचं, परत बसायचं.

एक गोष्ट मी देत नाही ती म्हणजे केगल, म्हणजे खालचे ओटीचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम. व्हॉट्सअॅपवर पाळीचं काहीही आलं की केगल करा, केगल करा. खालचे स्नायू ढिले असतील तर केगल उत्तम, बाळंतपणानंतर मी शेकडो बायकांकडून करून घेतलेत. पण ज्या मुली आधीच सगळं आवळून बसल्यात त्यांना अजून आवळायला शिकवलं तर दुखणं वाढतं. त्यांना सोडायला शिकवायचं असतं, म्हणून ते डाळीचं पाकीट. केगल करायचेच असतील तर कुणा जाणकाराने तपासल्यावर.

आता आजींचा मुद्दा. मला आजींचा राग नाही येत, त्यांच्या पिढीत बायका आठ आठ बाळंतपणं करून चौथ्या दिवशी हंडे उचलायच्या, त्यात पिशवी खाली येताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेली असते. पण ती येते बाळंतपणांमुळे, कायमच्या बद्धकोष्ठतेत कुंथण्यामुळे, वर्षानुवर्षं जड उचलण्यामुळे, पाळी जाताना स्नायू सैल पडल्यामुळे. सतरा वर्षांच्या मुलीने पाळीत चाललं, पळालं, दोरी मारली म्हणून पिशवी खाली येत नाही. पाळीत खेळाडू मुली मॅचेस खेळतात. फक्त शरीर नको म्हणत असेल त्या दिवशी जबरदस्ती करू नये, एवढंच. उलटं होणारी आसनं, सर्वांगासन वगैरे, योगशिक्षक त्या दिवसांत टाळायला सांगतात. त्याने अपाय होतो असा ठोस पुरावा मी पाहिलेला नाही, पण दुखणं कमी करायला त्यांची गरजही नाही, तेव्हा टाळलीत तर काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष दुखण्याच्या दिवशी मग काय करायचं? थोडंसंच. आदल्या संध्याकाळपासून, अंदाज असतोच मुलींना, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, पंधरा वीस मिनिटं, दिवसातून तीन चार वेळा. पिशवीला पंचा गुंडाळा, मी जांघेवर भाजलेले डाग घेऊन आलेल्या मुली पाहिल्यात, दुखण्याच्या नादात भाजतंय हे कळत नाही. शेकाला कमी समजू नका, सतत मंद शेक देणारे पट्टे वापरून झालेल्या अभ्यासात तो आयब्युप्रोफेन ह्या वेदनाशामक गोळीच्या जवळपास उपयोगी दिसलाय. पिशवी नसेल तर सुती सॉक्समध्ये तांदूळ भरून तव्यावर गरम करा, आमच्या आईची पद्धत. कळ ओसरली की दहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, मग गुडघ्या-हातांवर येऊन कंबर हळू डुलवायची, मग खुर्चीच्या सीटवर पोटऱ्या ठेवून जमिनीवर पाठीवर पडायचं आणि तोच लांब श्वास. कळ येते तेव्हा श्वास कोंडू नको, तोंडाने फुंकर मारल्यासारखा सोड, हे तिला आधी दुखत नसताना सवयीने आलेलं असलं तरच त्या दिवशी जमतं. रोज सराव लागतो तो ह्यासाठी. काहींना आम्ही टेन्स मशीन देतो, छोटं असतं, कमरेला पट्ट्या लावून मुंग्या आल्यासारखा करंट जातो, गोळी न चालणाऱ्या मुलींना बरा उपयोग होतो, पण एकदा फिजिओकडून लावायचं शिकून घ्या.

तिला चक्कर आली म्हणालात ना, तर व्यायाम सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन बघा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के अॅनिमिक निघाल्या होत्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या. आठ नऊ असेल तर मी आधी नुसता श्वास आणि सावकाश चालणं देते, दम लागेल असं काही नाही. आणि उपाशीपोटी क्लासला पाठवू नका पाळीत, दोन घास खाऊनच. याच्या उलट टोकही असतं, ज्या मुली दिवसाला दोन दोन तास जिम आणि खाणं निम्मं करतात त्यांची पाळी लांबते, बंद होते, आणि त्यांना वाटतं बरं झालं, कटकट गेली. ते चांगलं लक्षण अजिबात नाही, लगेच तपासायला हवं.

आणि घरकाम, शेतातलं काम म्हणजे व्यायामच ना, असं मला हटकून विचारतात. नाही हो. कमरेत वाकून दिवसभर खुरपणं, ओझी वाहणं, त्यात विश्रांती नाही, पाणी नाही, आपल्या मर्जीने थांबता येत नाही. त्याने शरीर झिजतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं जे २०१९ मध्ये उघड झालं, हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेलेल्या, कितीतरी जणी तिशीतच, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते मला विसरता येत नाही. पाळीत कामाचा खाडा नको, दंड बसतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची. त्या बायकांना मी चाला, आसनं करा असं कुठल्या तोंडाने सांगू. त्यांना हवी विश्रांती, संडास-पाणी, शेक, वेळेवर तपासणी आणि त्या दोन दिवसांची मजुरी. म्हणून माझं हे सगळं बोलणं बसून राहणाऱ्या मुलीबाळींसाठी आहे हे लक्षात घ्या.

आता ते वेगळं लिहिते म्हटलं होतं ते. माझ्याकडून एक चूक झालेली आहे. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी एक सव्वीस वर्षांची मुलगी आली, पाळीत कंबर दुखते म्हणून. मी आठ महिने तिला व्यायाम देत राहिले. ती मन लावून करायची, तरी दुखणं दर महिन्याला थोडं थोडं वाढतच होतं, पाळीच्या चार पाच दिवस आधीच सुरू व्हायचं, आणि एकदा ती खाली बघत म्हणाली की त्या दिवसांत संडासला बसलं तरी कळ येते. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे दुसरीकडे तपासणीत एंडोमेट्रिऑसिस निघालं, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं तो आजार, अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ होती. आठ महिने मी तिचे घालवले. त्यानंतर मी प्रत्येकीला हे प्रश्न विचारल्याशिवाय सतरंजी अंथरत नाही: पाळीच्या बरेच दिवस आधीपासून दुखतं का, पाळी संपल्यावरही राहतं का, दर वर्षी वाढतंय का, संडास-लघवीला दुखतं का, लग्न झालेल्यांना संबंधाच्या वेळी दुखतं का, पॅड तासा-दोन तासाला भिजतो का, मोठ्या गाठी पडतात का, ताप किंवा वासाचा स्राव आहे का, एकाच बाजूला दुखतं का, आणि पंचविशी-तिशीपर्यंत काही नसताना अचानक सुरू झालंय का. ह्यातलं एकही हो असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग व्यायाम. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिऑसिस नाहीच असं नसतं, सुरुवातीच्या अवस्थेत ते सोनोग्राफीत दिसत नाही पुष्कळदा. जगात प्रजननाच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला हा आजार आहे आणि निदान व्हायला वर्षं लागतात, कारण सगळे म्हणतात बायकांचं दुखतंच, लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की थांबेल.

तर तुमच्या लेकीसाठी असं करा. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच, त्यावर पाळीच्या तारखेला गोल करता तसाच आता गोलाच्या आत आकडा लिहायचा, त्या दिवशी दहापैकी किती दुखलं, आणि बाजूला गोळ्या किती लागल्या. आकडा तिने सांगायचा, तुम्ही नाही. व्यायाम केला त्या दिवशी तारखेवर टिंब. वडील, भाऊ बघतील म्हणून लपवायचं काही कारण नाही, बघू देत. पहिल्या महिन्यात आकडा हलणार नाही कदाचित, तेव्हा सोडू नका. आठवड्याला निदान तीन टिंबं पडत असतील आणि तिसऱ्या पाळीलाही आकडा दोनाने तरी खाली आला नसेल, किंवा गोळी घेऊनही क्लास बुडत असेल, तर कॅलेंडरची ती तिन्ही पानं फाडून घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा, आणि लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.